पाठीचा कणा : केव्हा थांबावे, केव्हा धावावे

‘‘डॉक्टर, माझ्या मणक्यात गॅप आहे.’’

रुग्ण खुर्चीत टेकण्यापूर्वीच हे वाक्य कानी पडते आणि पाठोपाठ एक्स-रेचे मोठे पाकीट टेबलावर येते. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी हा प्रसंग घडतो. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर अशी भीती असते की जणू कण्याचे दोन तुकडेच झाले आहेत. मी एक्स-रे उजेडात धरतो आणि म्हणतो, ‘‘गॅप सर्वांनाच असते. ती असायलाच हवी.’’

हे मी थट्टेने म्हणत नाही. दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची एक चकती, म्हणजे गादी, असते. एक्स-रेमध्ये हाड दिसते, गादी दिसत नाही. म्हणून तेथे मोकळी जागा भासते. गादी झिजली की ही जागा वाढत नाही, उलट कमी होते. म्हणजे ‘गॅप’ या शब्दाने लोक ज्याला घाबरतात, ते मुळात घाबरण्याचे कारणच नव्हे.

याउलट, ज्या खुणांना खरोखर घाबरायला हवे त्या मात्र माणसे अंगावर काढतात. पाठीची बहुतेक दुखणी थोडा धीर धरला की बरी होतात. मोजकी दुखणी मात्र अशी असतात की त्यांत एखादा दिवस, कधी काही तास दवडले, तरी माणूस जन्माचा अधू होतो. ही दोन प्रकारची दुखणी घरच्या घरी वेगळी कशी ओळखावीत, एवढेच आज पाहू.

जासईच्या पाठी

मी १९८८ साली जासईत दवाखाना उघडला. पुढच्याच वर्षी न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. त्याआधी जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा वाचकांना ठाऊक आहेच. जानेवारी १९८४ मध्ये त्या लढ्यात पाच जण हुतात्मे झाले. जमिनी गेल्या तशी गावाची कामेही बदलली. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे येणारी पाठ ही भाताच्या लावणीत दिवसभर वाकलेली किंवा मिठागरात टोपल्या वाहिलेली असे. पुढे ट्रेलरवर दहा-दहा तास बसणारे ड्रायव्हर, गोदामात पोती व खोकी उचलणारे कामगार आणि मोटारसायकलवरून खड्डे चुकवत कामावर जाणारी मुले येऊ लागली. दुखण्याची जागा मात्र बहुधा तीच राहिली : कंबर.

कण्याची रचना

आपल्या कण्यात एकूण ३३ मणके असतात. मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५. त्याखाली त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे ४ मणके मोठेपणी एकमेकांस जुळून जातात. हलणाऱ्या मणक्यांच्या मध्ये २३ गाद्या असतात. गादीचा बाहेरचा भाग चिवट वेटोळ्यांचा आणि आतला मऊ व पाणीदार असतो. रात्री झोपेत गादी पाणी शोषून फुगते, दिवसा भाराने ते पिळून निघते. त्यामुळे सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटरने जास्त भरते, आणि उठल्या उठल्या कंबर ताठ वाटते ती काही अंशी याचमुळे.

मणक्यांच्या मागच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याच्या खाली नसांचा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा लोंबत असतो. या नसा पायांना, तसेच लघवी व शौचाच्या जागेला जातात. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

उसण भरली तर

वाकून हंडा उचलला, पोते ओढले किंवा नुसती शिंक आली आणि कंबर धरली, असे होते. यालाच आपण उसण भरणे किंवा लचक भरणे म्हणतो. स्नायू, त्यांचे बंध किंवा मणक्यांचे लहान सांधे ताणले जाऊन भोवतालचे स्नायू आखडतात. वेदना भयंकर असते, पण आजार भयंकर नसतो. पायाळू माणसाने पाय लावला की उसण जाते, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती टिकून राहण्याचे कारण सोपे आहे : साधी उसण बहुधा काही दिवसांतच उतरू लागते, आणि श्रेय त्या वेळी जो पाय लावील त्याला मिळते! पाय लावण्याने नुकसान नाही. पण आखडलेल्या कमरेवर कोणी उभे राहून तुडवणार असेल तर ते करू देऊ नका.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. १९९१ च्या सुमारास मिठागरात काम करणारे एक गृहस्थ कंबर धरून आले. त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे मी त्यांना फळीवर निजायला सांगितले, तेही पूर्ण सहा आठवडे. त्यांनी ते इमानाने पाळले. हंगाम बुडाला, मजुरी गेली, आणि सहा आठवड्यांनी उठले तेव्हा पाय लटपटत होते. कंबर तर आधीपेक्षा अधिक ताठ झाली होती. त्यांनी मला दोष दिला नाही. ‘‘माझ्याच नशिबात होते, डॉक्टर,’’ असे म्हणाले. ते नशीब नव्हते, माझा सल्ला होता.

पुढे १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथील अभ्यास प्रसिद्ध झाला. अचानक कंबर धरलेल्या महापालिका कर्मचाऱ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला दोन दिवस अंथरुणावर विश्रांती, दुसऱ्याला कमरेचे व्यायाम, आणि तिसऱ्याला सोसेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले होते. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. आज जगभर हाच सल्ला दिला जातो. फार दुखत असेल तर एखाद-दुसरा दिवस पडून राहावे. मग उठावे, घरात फिरावे, हलकी कामे करावीत. शेक घ्यावा, निरगुडीचा पाला बांधायचा तर बांधावा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून थोडे दिवस घ्यावी. महिनोन् महिने घेतल्यास जठर व मूत्रपिंड बिघडते. कंबरपट्टाही सदैव बांधून ठेवू नये, त्याने स्नायू आळसावतात.

पायात कळ जाते तेव्हा

गादीचे बाहेरचे वेटोळे फाटून आतला मऊ भाग मागे सरकला आणि त्याने नस दाबली, तर कमरेपेक्षा पायात जास्त दुखते. कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत वीज गेल्यासारखी कळ जाते; मुंग्या येतात. खोकले-शिंकले की कळ वाढते. यालाच सायटिका म्हणतात. कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत हे सर्वाधिक आढळते, कारण भार तेथेच जास्त पडतो.

‘‘गादी सरकली म्हणजे आता ऑपरेशनच,’’ असे समजून लोक हाय खातात. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर हळूहळू शोषून घेते. योग्य औषध, हालचाल आणि पुढे फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले व्यायाम एवढ्यावर बरेचसे निभावते. वेदना असह्य असून हटतच नसतील किंवा पायातील शक्ती कमी होत असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

आणि एम.आर.आय.? १९९४ साली अमेरिकेत कमरेचा कोणताही त्रास नसलेल्या ९८ जणांचा एम.आर.आय. काढण्यात आला. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांची किमान एक गादी फुगलेली निघाली. सर्व गाद्या निर्दोष असलेले सुमारे एक तृतीयांशच होते. केस पिकावेत तशी गादी वयाबरोबर झिजते. म्हणून इलाज माणसाचा करायचा, फोटोचा नव्हे. डॉक्टरांनी सांगितले तर तपासणी जरूर करा. केवळ भीतीपोटी हजारो रुपये घालू नका.

लाजेपायी दवडलेला दीड दिवस

आता धावण्याच्या खुणांकडे वळू. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सायटिकाने त्रस्त असलेल्या एका ट्रेलर ड्रायव्हरची पत्नी रात्री दवाखान्यात आली. म्हणाली, ‘‘डॉक्टर, यांचे पाय दुखायचे थांबलेत, पण सकाळपासून लघवीच झाली नाही. सांगायला लाजतात.’’ मी घरी गेलो. दोन्ही पाय जड झाले होते. गाडीच्या सीटला किंवा घोड्याच्या खोगिराला टेकतो तेवढा सगळा भाग, म्हणजे जांघा आणि शौचाची जागा, बधिर होता. आदल्या दिवशी दुपारपासून हे सुरू होते, पण बायकोपुढे कसे बोलावे म्हणून ते गप्प होते. दुखणे थांबल्याने उलट त्यांना बरेच वाटले होते!

वर सांगितलेला घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा जुडगा सरकलेल्या गादीने संपूर्ण दाबला गेला होता. अशा वेळी शस्त्रक्रिया जितक्या लवकर होईल तितके चांगले; २४ ते ४८ तासांच्या पलीकडे गेल्यास लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाण्याची भीती वाढते. त्यांना त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात पाठवले, पहाटे शस्त्रक्रिया झाली. आज ते चालतात; गाडी सोडली असली तरी कामधंदा करतात. बायको लाजली असती तर चित्र वेगळे असते. म्हणून सांगतो, कंबरदुखीत लघवी तुंबली, नकळत होऊ लागली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर सकाळची वाट पाहू नका.

रात्री वाढणारे दुखणे

साधी कंबरदुखी पडल्यावर थोडी तरी कमी होते. रात्री झोपेतून उठवणारी, दिवसेंदिवस वाढणारी पाठदुखी वेगळी समजावी. तिच्या जोडीला संध्याकाळची कणकण, रात्री घाम, भूक मंदावणे, वजन घटणे असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका घेतलीच पाहिजे. क्षयरोग फक्त फुप्फुसांचा नसतो. मणक्याच्या या रोगाचे वर्णन पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली केले, म्हणून त्याला ‘पॉटचा आजार’ असेही म्हणतात.

एका बाळंतिणीची पाठ चार महिने दुखत होती. घरात सारे म्हणत, ‘बाळंतपणातला वात आहे.’ शेक झाले, तेल झाले. तिला माझ्याकडे आणले तेव्हा पाठीच्या मध्यावर एक मणका टोकदार होऊन वर आला होता आणि चालताना पाय अडखळत होते. एम.आर.आय. व सुईने घेतलेल्या नमुन्याच्या तपासणीत क्षयरोग निघाला. औषधे मणक्याच्या क्षयाला साधारणतः १२ ते १८ महिने घ्यावी लागतात आणि सरकारी कार्यक्रमातून ती मोफत मिळतात. तिने एकही दिवस चुकवला नाही. पाय पूर्ववत झाले. पाठीचा थोडा बाक मात्र राहिला. चार महिने आधी आली असती तर कदाचित तोही टळला असता.

पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्या माणसाची नवी पाठदुखी हीसुद्धा अशीच तातडीने तपासून घ्यावी.

म्हाताऱ्या माणसांची पाठ, आणि मान

पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. मग एखादी बादली उचलण्याचे किंवा ओट्यावर घसरून बसण्याचे निमित्त पुरते आणि मणका चेपतो. आजीला पोक आले, उंची कमी झाली, याला केवळ वय म्हणून सोडून देऊ नये. नाचणी, दूध, सुकट-जवळा हा आपल्या घरचाच आहार हाडांना चांगला. सकाळचे ऊन आणि रोजचे चालणेही हवे. झटपट आराम देणाऱ्या, पुडीत बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्या टाळा. त्यांत स्टिरॉइड असू शकते. ते दीर्घकाळ पोटात गेले तर हाडे आणखी पोकळ होतात.

मानेच्या मणक्यांची झीज पन्नाशीनंतर सर्वांनाच कमी-अधिक असते. तिला स्पॉन्डिलोसिस म्हणतात आणि बहुधा व्यायामाने ती सुसह्य होते. पण हाताला बारीक काम जमेनासे झाले, शर्टाचे बटण लागेना, चालताना तोल जाऊ लागला किंवा पायातली चप्पल निसटली तरी कळेना, तर मानेत मज्जारज्जू दाबला जात असण्याची शक्यता असते. तेथे मालीश करणाऱ्याकडे मान मोडून घेणे धोक्याचे आहे.

उंचावरून पडल्यास

कण्याच्या गंभीर दुखापती आपल्या देशात मुख्यतः दोन कारणांनी होतात : उंचावरून पडणे आणि रस्त्यावरचा अपघात. २००३ च्या मे महिन्यात आंबे उतरवताना एक तरुण झाडावरून पडला. लोक मदतीला धावले. दोघांनी खांदे धरले, दोघांनी पाय धरले, आणि मध्ये झोळीसारखा वाकवून त्याला जीपच्या मागच्या सीटवर बसवून पनवेलकडे नेले. मला निरोप मिळेपर्यंत जीप निघून गेली होती. पडल्यावर त्याने पायाची बोटे हलवली होती, असे तेथे असलेल्यांनी मला पुढे सांगितले. पनवेलला पोहोचेपर्यंत ती हलेनाशी झाली होती. नुकसान झाडाखालीच झाले की वाटेत वाढले, हे मला सांगता येणार नाही. पण मोडलेला मणका वाकवला की त्याची धार मज्जारज्जूत घुसू शकते, हे नक्की. त्याला उचलणारे सारे त्याचे जिवलग होते. कसे उचलावे एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. मीही नाही. आज तो चाकाच्या खुर्चीवर बसून दुकान चालवतो.

म्हणून हे नीट वाचा, आणि घरात वाचून दाखवा.

१. पडलेल्याला बसवू नका, उभे करू नका, पाणी पाजू नका. ‘‘हलू नकोस, आम्ही आहोत,’’ असे सांगा.

२. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके व मान सरळ रेषेत स्थिर धरावी आणि मदत येईपर्यंत सोडू नये.

३. १०८ क्रमांकाला फोन करा. ही मोफत रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे.

४. आग, पाणी किंवा रस्त्यावरची वाहने यांचा धोका नसेल तर जागेवरून हलवू नका.

५. हलवावेच लागले तर फळी किंवा दार आणा. एक जण डोक्याशी, तिघे एका बाजूला. डोक्याशी असलेल्याच्या इशाऱ्यावर सर्वांनी मिळून ओंडका लोळवावा तसे अंग एकसंध कुशीवर करावे, फळी सरकवावी आणि तसेच परत उताणे करावे. उलटी होत असेल तेव्हाही याच रीतीने कुशीवर वळवावे.

६. मोटारसायकलस्वाराचे हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल तरच, मान धरून ठेवून, सावकाश काढावे.

पाय गेले म्हणजे आयुष्य संपले, असे मुळीच नाही. अशा रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून देणे, लघवीची स्वच्छता आणि व्यायाम यांवर पुढचे सारे अवलंबून असते. मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून या कामासाठी आहे. तेथे माणसाला पुन्हा आपल्या पायांवर नाही, तरी आपल्या हिमतीवर उभे राहायला शिकवतात.

ओझे कसे उचलावे

१९९९ साली जर्मनीत एका डॉक्टरने स्वतःच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवून घेतला होता. उताणे निजल्यावरचा दाब १ मानला, तर उभे राहिल्यावर तो ५ भरला. २० किलोचे ओझे कंबरेतून वाकून उचलताना २३, तेच गुडघे वाकवून उचलताना १७, आणि अंगाशी घट्ट धरून उभे राहिल्यावर ११. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते, हे ध्यानात घ्या.

म्हणून पाय फाकवून ओझ्याच्या जवळ उभे राहा, गुडघे वाकवा, ओझे छातीशी धरा आणि पायांच्या जोरावर उठा. उचलल्यावर कमरेतून पिळू नका, पावले वळवा. जड पोते दोघांनी उचलण्यात कमीपणा नाही. ट्रेलरवरून उतरल्या उतरल्या दोर किंवा ताडपत्री ओढू नका. तासन् तास बसून कण्याचे बंध सैल पडलेले असतात. आधी पाच मिनिटे चाला. विडी-सिगारेट सोडा, तंबाखूच्या धुराने गादीचे पोषण घटते आणि ती लवकर झिजते.

थोडक्यात

नुसती कंबर धरली असेल तर घाबरू नका; हिंडते-फिरते राहा, आठवडाभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसण्याची जागा बधिर झाली, पायातील शक्ती कमी होऊ लागली, किंवा पडल्यानंतर हातपाय हलेनासे झाले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठा. रात्री वाढणारे दुखणे, ताप किंवा घटते वजन असेल तर त्याच आठवड्यात तपासणी करा.

मिठागरातले ते गृहस्थ आता नाहीत. त्यांचा मुलगा गोदामात काम करतो. गेल्या पावसाळ्यात तो कंबर धरून आला आणि विचारू लागला, ‘‘डॉक्टर, किती दिवस निजायचे?’’ मी म्हटले, ‘‘निजायचे नाही. घरी चालत जा.’’ आठव्या दिवशी तो कामावर रुजू झाला.